सातबारा घेऊन आजोळी

सुरुवात भांडणातून झाली हे आधीच सांगून टाकते. माझ्या बऱ्याच गोष्टींची सुरुवात तशीच होते.

सासरच्या भावकीत एका चुलत दिराने घराण्याची वंशावळ तयार केली. बरेच महिने खपला बिचारा. मग ती मोठ्या फ्लेक्सवर छापून वास्तुशांतीच्या मांडवात लावली. झाडाचं चित्र, बुंध्यावर मूळ पुरुष, फांद्याफांद्यांवर नावं. लोक पुढे उभे राहून फोटो काढत होते. मीही चष्मा लावून आमची फांदी शोधली. नवरा सापडला. त्याचे वडील, आजोबा, पणजोबा, सगळे सापडले. मी नव्हते. सासूबाई नव्हत्या. त्यांच्या सासूबाई, ज्यांनी दुष्काळात खडी फोडून ही अख्खी फांदी जगवली असं घरात सगळे सांगतात, त्याही नव्हत्या.

मी दिराला विचारलं, "भाऊजी, ही सगळी पुरुषमंडळी काय झाडालाच लागली होती का?"

तो हसून म्हणाला, "वहिनी, वंशावळीत बायका नसतात. तशी पद्धतच आहे."

अशी तिडीक गेली ना डोक्यात! मठ्ठा-जिलेबी तशीच सोडून घरी आले, म्हणजे बघा.

मी नागापूरला, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करते. कुठला माल कधी आला, कुठे ठेवला आणि कुणी गायब केला हे शोधणं माझ्या हाडात मुरलंय. म्हटलं, बायकांची वंशावळ आपण करू. मोबाईलवर एक ॲप उतरवलं आणि रविवारी सकाळी खाटेवर मांडी घालून बसले. माझं नाव टाकलं, त्याच्यावर आईचं टाकलं, आणि आईच्या वरच्या चौकटीशी येऊन गाडी अडली.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. मी एकुलती एक, त्यामुळे तिला दुसरीकडे रुसून जायलाही जागा नाही. ती समोर लसूण सोलत बसली होती.

"आई, तुझ्या आईचं माहेर कुठलं गं?"

"मला काय म्हाईत? मी वरून पडले."

हे तिचं ठरलेलं उत्तर. ते मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि खरं सांगायचं तर कधी पुढे विचारलंही नव्हतं. त्या दिवशी विचारलं. मग लसणाच्या पाकळीपाकळीबरोबर एकेक गोष्ट बाहेर आली. आई रांगत असतानाच तिची आई वारली. वडिलांनी, म्हणजे काष्टीच्या माझ्या आजोबांनी, दुसरं लग्न केलं. सावत्र आईने हिला चांगलं सांभाळलं, हातचं राखून काही केलं नाही. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की सावत्र भावंडांचा मामा बैलगाडी घेऊन यायचा, आणि ती सगळी पोरं उड्या मारत गाडीत बसायची. ही गाडीमागे वेशीपर्यंत जायची आणि परत यायची.

"त्यांचा मामा हुता, त्यांना न्यायचा. त्याची काय चूक?" आई म्हणाली. "माझंबी कोन तरी असंलच की. पर मला न्यायला कधी कुनी आलं न्हाई."

सत्तरी ओलांडलेली बाई हे बोलत होती, आणि आवाज मात्र वेशीवर उभ्या असलेल्या पोरीचा. मी म्हटलं, थांब, मी शोधते त्यांना. विचारतेच एकदा, का नाही आलात म्हणून.

आईला एवढंच ठाऊक होतं की तिची आई डोंगरापलीकडची, तिसगावच्या बाजूची. गावाचं नाव नाही, आडनाव नाही. मी म्हटलं, आता सगळं नेटवर आहे, काय अवघड आहे! काय अवघड आहे ते पुढच्या रविवारांनी दाखवलं. सरकारी साइट उघडायची, जिल्हा निवडायचा, तालुका निवडायचा, गाव निवडायचं, वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करायची, आणि मग सर्व्हरने मान टाकायची. पुन्हा पहिल्यापासून. नवरा चहा ठेवून जाताना म्हणायचा, "आज किती पूर्वज सापडले?" मी त्याला उत्तर देत नसे.

माझा हिशेब सरळ होता. तिकडच्या एखाद्या गावच्या जमिनीच्या कागदावर आईचं नाव असलं तर असेल, कारण लेकीच्या लेकीचाही वारस म्हणून हक्क लागतो. म्हणून मी एकेक गाव घेऊन आईचं नाव टाकत होते. मतदारयाद्या पाहिल्या, सातबारे पाहिले. कुठेच काही नाही. एका रविवारी वैतागून मी लॅपटॉप आपटला, तशी आई म्हणाली, "हे नाव टाकून कसं सापडंल? ह्या नावाला तिकडं कोन वळखतंय?"

"म्हणजे?"

"हे तर तुझ्या बापाच्या घरचं नाव. लग्नात ठिवलं."

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात हे मला माहीत नव्हतं असं नाही. नवऱ्याने माझंही लिहिलं होतं. मी ते तिथेच तांदळात मिसळून टाकलं. पण आईचं म्हणून जे नाव मी जन्मभर शाळेच्या दाखल्यावर, बँकेच्या कागदावर लिहीत आले, ते तिचं पहिलं नाव नव्हे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळत होतं. इतके रविवार मी एका अशा बाईला शोधत होते जी लग्नाआधी अस्तित्वातच नव्हती.

"अगं मग आधी सांगायचं ना!"

"तू इचारलंस का?"

पहिलं नाव तिने सांगितलं. सांगताना जरा लाजलीच. ते मी इथे लिहीत नाही, तिने बजावलंय. ते नाव आणि काष्टीचं आडनाव टाकून पुन्हा गावामागून गाव सुरू केलं, आणि तिसगावजवळच्या एका गावात सापडली की माझी आई! एकाच आडनावाची सगळी भावकी, आणि त्यांच्यात काष्टीचं आडनाव लावून एकटीच उभी. मी अशी ओरडले की नवरा दाढी अर्धी टाकून धावत आला.

मग त्या जमिनीचा जुना फेरफार काढला. फेरफार म्हणजे मालकी कुणाकडून कुणाकडे गेली त्याची नोंद. आईच्या आईचे वडील वारले तेव्हा वारस लागले होते: मुलगा, आणि मयत मुलीची मुलगी. मयत मुलीचं माहेरचं नावही तिथे होतं. ते मी मोठ्याने वाचलं. आईने ते पुन्हा वाचायला लावलं. तिला तिच्या आईचं काष्टीचं नाव माहीत होतं; हे दुसरं नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती. नुसतीच ओठ हलवून ते नाव म्हणून बघत राहिली.

"आई, तलाठ्याला काय स्वप्न पडत नाही. कुणीतरी जाऊन सांगितलं असणार की आमच्या मेलेल्या बहिणीची एक मुलगी आहे, तिचंही नाव लिहा."

"म्हंजे मी हाय हे त्यांना ठाऊक हुतं," आई म्हणाली. मला वाटलं ती हरखेल. तिचा चेहरा उतरला. "ठाऊक हुतं तर मग का न्हाई आले?"

आता जाणं भागच होतं. पुढच्याच सुट्टीला नवऱ्याने गाडी काढली. आईने ठेवणीतलं इरकल काढलं, पेढे घ्यायला लावले, आणि करंजीचा घाट चढेपर्यंत पाच वेळा म्हणाली असेल, "चला माघारी. कशाला जायचं?" तिसगावच्या स्टँडवर चहा घेतला, आडनाव सांगून वस्ती विचारली आणि बरोबर दारात जाऊन उभे राहिलो.

आणि इथे मी एक घोडचूक केली. सातबाऱ्याची प्रिंट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून हातात धरून मी पुढे चालले होते. आमच्या जिल्ह्यात कुणाच्या दारात बिबट्या आला तरी चालेल, पण अनोळखी बाई सातबारा घेऊन येऊ नये.

दारापुढच्या कांदाचाळीत कांदा निवडत एक गृहस्थ बसले होते. डोक्याला टोपी, साठीच्या आसपासचे. "कोन पायजे?" म्हणाले. मी ऐटीत फोल्डर पुढे केलं आणि म्हटलं, "या गटात आमचं नाव आहे." असं बोलतात का कुणी? पण मला ते नीट पुरावा देणं वाटलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पाण्याचा तांब्या घेऊन निघालेली त्यांची बायको उंबऱ्यातच थबकली. त्यांनी मोबाईल काढून भावाला फोन लावला: "लगीच ये. हिश्शावाले आलेत." शेजारच्या वस्तीवरून दोघं-तिघं येऊन बांधावर उभे राहिले. कुणी बसा म्हणेना.

तेवढ्यात आई पुढे झाली. तिने स्वतःचं पहिलं नाव खणखणीत आवाजात सांगितलं, मग तिच्या आईचं, माहेरचं. "तिची लेक मी. काष्टीहून," म्हणाली.

ते गृहस्थ कांद्याच्या ढिगावरच बसले. "आक्का? तू जित्ती हायेस?" मग एकदम उठून बायकोला ओरडले, "आगं बघती काय, पानी आन! आक्का हाय आपली! आमी हिला कवाच्यान हुडकतोय!"

हा आईचा मामेभाऊ. ज्या मामाने तलाठ्याला तिचं नाव सांगितलं, त्याचा थोरला मुलगा. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

हुडकतोय म्हटल्यावर आईचा चेहरा असा उजळला की मला पुढचं काही विचारू नये असं वाटलं. पण माझी जीभ! "कशासाठी हुडकत होता?" मी विचारून बसले.

त्याने लपवाछपवी केली नाही. "भावाभावात वाटनी करायचीय. समद्या वारसांच्या सह्या लागत्यात. हिची येकटीचीच आडली हुती. हिच्या पयल्या नावानं काष्टीच्या मतदारयाद्या धुंडाळल्या, पर गावलीच न्हाई."

मला हसू आवरेना. इकडे मी तिला लग्नानंतरच्या नावाने लग्नाआधीच्या कागदांत शोधत होते, आणि हे तिला लग्नाआधीच्या नावाने आजच्या याद्यांत. आई मात्र हसली नाही. पाणी प्याली, चहा प्याली, मामेभावाच्या बायकोने, म्हणजे माझ्या मामीने, पुढे केलेली साखर तोंडात टाकली आणि सरळ मामेभावाकडे बघत म्हणाली, "तुझा बाप मला न्यायला का न्हाई आला?"

"आबा गेल्ता," मामेभाऊ म्हणाला. "तुझी आई वारली तवा गेल्ता काष्टीला. पोरीला काही दिस नेतो म्हनला. तुझ्या आज्यानं दारातनंच माघारी लावलं. पोरगी आमची हाय, पुन्यांदा पाऊल टाकू नगा म्हनला. आबा लई मानी मानूस. परत गेला न्हाई."

"एकदाच?"

मामेभावाने मान खाली घातली. त्याला काहीतरी गोड सांगता आलं असतं. पुष्कळ हेलपाटे घातले, जत्रेत लांबून बघून यायचा, काहीही. कोण तपासणार होतं? पण तो म्हणाला, "व्हय. येकदाच."

त्या एका उत्तरासाठी मला तो माणूस आवडला, आणि त्याच उत्तरासाठी त्याच्या मेलेल्या बापाचा मला भयंकर राग आला. अहो, एकदा नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा जावं ना माणसाने! वेशीवर एक पोर उभी आहे तिकडे.

निघताना मामेभावाने चाचरत विचारलं, "आक्का, मग सहीचं?"

"करीन की," आई म्हणाली. "पर अशी न्हाई. आज मी माझ्या लेकीच्या गाडीत बसून आले, लेकीच्याच गाडीत जाते. माहेरच्या लेकीला न्यायला मुराळी येत असतो. तू ये. घेऊन जा मला. मग कुटं सांगशील तिथं सही करते." आणि पदर खोचून गाडीत जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर मी तिला खूप समजावलं. म्हटलं, कायद्याने हिस्सा आहे तुझा, सोडायचा कशाला? साऱ्या मुलुखात बहिणी अशाच सह्या करून मोकळ्या होतात आणि एका साडीवर बोळवण होते. मी तर बाई नाही केली असती.

"हिस्सा मागितला तर दरसाल कोर्टात भेटू," आई म्हणाली. "मला त्यांना कोर्टात न्हाई भेटायचं."

"आणि सही दिल्यावर भेटलेच नाहीत तर?"

"तर न्हाई भेटले."

मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

मुराळी आला, आणि आला तो कांद्याच्या टेम्पोतून. मार्केटला माल उतरवून थेट आमच्या दारात. इस्त्रीचा सदरा, हातात फरसाणाचा पुडा आणि केळी. मुराळ्याला जेवल्याशिवाय उठवायचं नसतं म्हणून आईने पुरण घातलं, आणि जेवल्यावरही तयार व्हायला मुद्दाम उशीर लावला. मी दोनदा हाक मारली तर आतून म्हणाली, "थांबू दे जरा त्याला. मी लई थांबलेय." मग टेम्पोत पुढच्या सीटवर बसली, खिडकीची काच खाली घ्यायला लावली, आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "आजोळी चाललेय गं!"

तिकडे ती बरेच दिवस राहिली. मामीने शेंगोळे करून घातले, रानात फिरवलं, तिच्या आईचं घर जिथे होतं ती जागा दाखवली. रोज फोनवर ती मला एवढं सांगायची की माझं जेवण व्हायचं नाही.

सहीच्या दिवशी मी रजा टाकून पाथर्डीला, तालुक्याच्या कचेरीत गेले. ऑफिसातल्या माणसाने विचारलं, "आजी, सही येते का?" आई म्हणाली, "येती. कुठल्या नावाची करू?" तिथे पहिल्याच नावाची लागणार होती. पेन धरून एकेक अक्षर ठेवत तिने ते लिहिलं. पहिलं अक्षर जरा हललं, बाकीची नीट आली. मी तोंड फिरवलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्या गर्दीत दोन्हीपैकी काहीच करता येत नव्हतं. मामेभावाने साडी दिली. चांगली होती, मी उगाच खोट काढली.

मग दिवाळी आली. आईने करंज्या जरा जास्तच केल्या. भाऊबीजेला सकाळपासून दाराकडे तिची पाठ होती आणि कान मात्र गेटकडे. कुणी आलं नाही. माझ्या मोबाईलवर मामेभावाकडून पणत्यांचं एक चित्र आलं, शुभेच्छांसह, दहा जणांना पाठवतात तसलं. मी ते आईला दाखवून म्हटलं, "घे! आला बघ तुझा मुराळी."

"कांद्याची लागन चाललीय त्यांची," आई म्हणाली. "सवड नको का?"

पुढे एकदा सहज साइट उघडली. त्या गावच्या सातबाऱ्यावर भावाभावांची नावं वेगळी झाली होती आणि आईचं नाव गेलं होतं. नियमाप्रमाणे जायचंच होतं, तरी मी ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि ज्वारी निवडत राहिली. तिसगावचा विषय मग घरात निघेनासा झाला. मीच मनातल्या मनात मामेभावाशी रोज भांडत होते, आणि चांगली जिंकत होते.

थंडी पडली. एका रविवारी सकाळी गेटाशी हॉर्न वाजला. दार उघडलं तर मामेभाऊ. टेम्पो रिकामा. मला पाहिल्याबरोबर म्हणाला, "आक्काला न्यायला आलोय."

माझा सगळा साठवलेला राग तयारच होता. "का मामा? आता कुठली सही राहिली?"

तो कानापर्यंत लाल झाला. "सही न्हाई गं बाई. कसली सही! हुरडा आलाय रानात. दिवाळीलाच येनार हुतो, पर पानी धरायला घरात दुसरं कोन न्हाई. म्हनलं हुरड्याला तरी न्यावीच आक्काला. तिच्याबिगर खायाला बरं वाटंना."

त्याला बसवलं, पाणी दिलं आणि आत गेले. आईने सगळं ऐकलं होतं. ती डोळ्यांना पदर लावून खाटेवर बसली होती. मी म्हटलं, "आई, तू चहा घे शांतपणे. पिशवी मी भरते तुझी."

तिने वाकून खाटेखालून पिशवी ओढली. कपडे, गोळ्यांची डबी, कंगवा, मामीसाठी खण, कागदात गुंडाळलेल्या बांगड्या. सगळं व्यवस्थित लावलेलं.

"हे कधी भरलंस?"

"दिवाळीत," ती म्हणाली. "आता सर बाजूला, तो खोळंबलाय."